दर तीन महिन्यांनी

आमच्या आत्याला मंगरूळपीरचा इतिहास सनावळीने येत नाही, बिमाऱ्यांनी येतो. प्लेगाच्या साली गाव उठून वावरात गेलं आणि तुराट्यांच्या झोपड्यांमध्ये राहिलं, हे तिने तिच्या आजीकडून ऐकलेलं. १९१८ ची मानमोडी तिच्या वडिलांनी पोरवयात पाहिलेली. त्यानंतर पटकी, देवी, मुदतीचा ताप. इंग्रजांनी १९०५ साली वाशीम जिल्हा मोडून मंगरूळ तालुका अकोल्याला जोडला आणि १९९८ साली वाशीम पुन्हा जिल्हा झाला, या दोन्ही गोष्टी तिच्या लेखी किरकोळ. "जिल्हा कोनता का असेना, मोठा दवाखाना त अकोल्यालेच होता," एवढंच ती म्हणते.

गावाच्या नावातला पीर म्हणजे दादा हयात कलंदर. त्यांच्या दर्ग्यावर आणि बिरबलनाथ महाराजांच्या संस्थानात आमच्या घरची माणसं सारख्याच श्रद्धेने जात आली. दुखणं आलं की आधी नवस, मग घरगुती औषध, मग वैदू आणि सगळ्यात शेवटी डॉक्टर, असा क्रम आत्याच्या लहानपणी ठरलेला होता. या क्रमात प्रत्येक पायरीवर थोडं थोडं थांबणं असायचं. नवसाला गुण येतो का ते पाहायचं, औषध लागू पडतं का ते पाहायचं, एवढी पेरणी आटपू दे, एवढं लग्न उरकू दे. तिच्या गोष्टींतली निम्मी माणसं अशी थांबता थांबता गेली.

पण एका बिमारीची गोष्ट सांगताना ती आवाज खाली आणते. ती मोठ्या आबांची.

मोठे आबा म्हणजे तिचे चुलते, माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. घरची शेती, कापसाच्या हंगामात अडत्याकडे हिशेब लिहायचं काम आणि रात्री भजनात मृदंग. गावातल्या भजनात त्यांच्याइतका तयारीचा हात दुसरा नव्हता असं आत्या सांगते, आणि या बाबतीत मी तिच्यावर विश्वास ठेवतो, कारण बाकी कुणाचंही कौतुक ती इतक्या सढळपणे करत नाही. साठच्या दशकातली गोष्ट. आबांना शौचाला रक्त पडायला लागलं. त्यांनी स्वतःच ठरवलं की मूळव्याध आहे. सुरण खाल्ला, ताकात सुंठ घालून प्यायले, तिखट सोडलं. कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. घरातल्या बायकांना कळलं ते धुण्यावरून. आबा स्वतःचं धोतर वेगळ्या घमेल्यात भिजत घालू लागले आणि पहाटे विहिरीवर जाऊन स्वतःच पिळून आणू लागले. ज्या माणसाने जन्मात कधी स्वतःचं फडकं धुतलं नव्हतं, तो अंधारात धोतर घासतोय, हे पाहून मोठ्या आईला शंका आली. तिने विचारलं तर म्हणाले, "काही नाही, उष्णता झाली."

त्या उष्णतेत दोन पावसाळे गेले. शेवटी अकोल्याच्या डॉक्टरने बोट घालून तपासलं आणि लगेच सांगितलं, मुंबईला न्या. दोन वर्षं घरी जे कळलं नाही ते कळायला दोन मिनिटं लागली नाहीत. गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ डॉक्टरच्या बोटाला लागते. त्यासाठी ना मोठं यंत्र लागतं, ना मोठं शहर. आजही रक्त पडणाऱ्या किती माणसांची ही साधी तपासणी न होता त्यांना मलम आणि गोळ्या मिळतात, याचा विचार केला की मला संताप येतो. आपल्या रस्त्यांच्या कडेच्या भिंती ‘मूळव्याध, भगंदर, हमखास इलाज’ असल्या जाहिरातींनी रंगलेल्या असतात. त्या भिंती वाचून किती जणांनी आपापले दोन पावसाळे घालवले असतील.

मुंबईला जायचं म्हणजे मंगरूळपीरहून कारंज्याला मोटारीने, कारंज्याहून मूर्तिजापूरला शकुंतला या छोट्या गाडीने आणि पुढे मोठ्या गाडीने रात्रभर. परळला ओळखीच्या एका गिरणी कामगाराच्या खोलीत उतरले. टाटा हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालेलं. सर दोराबजी टाटा ट्रस्टने ते उभं केलं. दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या होत्या, त्या दुःखातून या कामाची सुरुवात झाली. आबा गेले तेव्हा हे रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे आलेलं होतं आणि डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचा तिथे दबदबा होता. आज रुग्णालयाच्या दारातला रस्ता त्यांच्याच नावाचा आहे. आबांच्या सोबत गेलेल्या माझ्या आजोबांना मात्र त्या सगळ्यातलं एकच लक्षात राहिलं होतं: व्हरांड्यात बसलेली, भारतभरातून आलेली माणसं, आणि त्यांतल्या बहुतेकांना उशीर झालेला.

आबांचं जे ऑपरेशन झालं ते लंडनच्या विल्यम अर्नेस्ट माइल्स या सर्जनने १९०८ साली मांडलेलं. पोटातून आणि खालून, अशा दोन्ही बाजूंनी गुदाशय पूर्ण काढायचा, खालचा मार्ग कायमचा शिवून टाकायचा आणि मोठ्या आतड्याचं तोंड पोटाच्या डाव्या बाजूला उघडायचं. त्यापूर्वी या रोगात माणूस वाचणं दुर्मीळ होतं, गाठ पुन्हा पुन्हा यायची. माइल्सच्या पद्धतीने माणसं वाचू लागली. पुढे १९८२ साली इंग्लंडच्या बेसिंगस्टोक गावच्या बिल हील्ड यांनी गुदाशयाभोवतालचं चरबीचं वेष्टण अखंड काढायचं तंत्र दाखवलं आणि गाठ परत येण्याचं प्रमाण आणखी घटलं. हे सगळं मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात ऑपरेशनची निंदा अजिबात नाही. मोठे आबा त्या ऑपरेशननंतर बारा-पंधरा वर्षं जगले आणि गेले ते म्हातारपणाने.

पण ते कसे जगले, हे आत्याने सांगितलं तसं सांगितलं पाहिजे. आजच्यासारख्या चिकटणाऱ्या पिशव्या तेव्हा आमच्या गावापर्यंत आलेल्या नव्हत्या. मोठी आई जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडायची, चौपदरी घड्या घालायची, सोडा टाकून उकळायची आणि मागच्या परसात, कुणाला दिसणार नाहीत अशा दोरीवर वाळवायची. पोटावरच्या तोंडाभोवतीची कातडी लाल व्हायची, तिला खोबरेल लावायचं. वर कापडाची घडी आणि त्यावरून लांब पट्टा गुंडाळायचा. आबांनी दुपारनंतर जेवण सोडलं. लग्नाच्या पंगतीला ते जाईनासे झाले. गेलेच तर दाराजवळ बसायचे आणि पान वाढायच्या आत उठायचे. आणि मृदंग सुटला. मृदंग मांडीवर आडवा घेतला की डाव्या बाजूने नेमका त्या जागी दाबायचा. एकदा त्यांनी उशी लावून पाहिली, नाही जमलं. त्यानंतर भजनाला ते टाळ घेऊन बसायचे, तेही कडेला. "टाळ कोनीही वाजवते," असं म्हणताना आत्याच्या आवाजात अजूनही राग असतो. कुणावर, ते तिलाही सांगता येणार नाही.

गावात त्यांच्या आजाराचं नाव कुणी घेत नव्हतं. ‘ते दुखणं’ एवढंच. १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये तुकडोजी महाराज गेले आणि त्यांना कॅन्सर होता हे घराघरांत कळलं, तेव्हा आमच्याकडे तो शब्द पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला गेला असं आत्या सांगते. ज्यांच्या खंजिरीवर सगळं वऱ्हाड डोललं त्यांना तो होऊ शकतो, म्हणजे ते पापाचं फळ नाही, हे लोकांना तेव्हा पटलं. मोठे आबा त्या दिवशी दिवसभर ओसरीत बसून होते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत होते म्हणे. पुढे नागपुरात राष्ट्रसंतांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय झालं आणि वऱ्हाडातल्या माणसाला प्रत्येक वेळी मुंबई गाठायची गरज उरली नाही.

आता धाकट्या काकांची गोष्ट. काका म्हणजे आत्याचा सगळ्यात शेवटचा भाऊ. २०२२ च्या दिवाळीनंतर त्यांना रक्त पडलं. घराण्यात मोठ्या आबांची गोष्ट माहीत असल्यामुळे त्यांनी लपवलं नाही, महिन्याच्या आत नागपूर गाठलं. तरी गाठ होतीच, आणि ती अगदी खाली, गुदद्वारापासून चार सेंटिमीटरवर. तुकडा तपासला, एमआरआय झाला. काका आधी एवढंच बोलले, "म्हंजे पिशवी."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आधी शेक आणि किमो, मग बघू. शेक म्हणजे किरणांचे अठ्ठावीस डोस, आठवड्यातले पाच दिवस, साडेपाच आठवडे. त्या काळात किमोच्या गोळ्या. त्यानंतर काही महिने सलाइनमधून किमो. नागपुरात नातेवाइकांकडे राहून काकांनी ते सगळं केलं. शेवटच्या दोन आठवड्यांत बसता येईना, लघवीला आग व्हायची, दिवसातून दहा-दहा वेळा संडास. किरणांचा त्रास कमी लेखू नये. काहींना तो पुढेही थोडाफार राहतो, शौचाची घाई राहते. शेक संपल्यावर किरणांचं काम लगेच थांबत नाही. गाठ पुढचे कित्येक आठवडे बारीक होत राहते, म्हणून तपासणी घाईने करायची नसते.

सगळं संपल्यावर दुर्बीण टाकली. मी त्या वेळी काकांसोबत होतो आणि बाईंनी मला पडदा दाखवला. पूर्वीच्या फोटोत जिथे काठ वर आलेला, मध्ये खोल, रक्ताळलेला फोड होता, तिथे आता पांढुरका सपाट वण होता आणि त्याच्यावर बारीक लाल रक्तवाहिन्यांचं जाळं. बोटाला काही लागत नव्हतं. एमआरआयमध्येही गाठीच्या जागी फक्त काळसर वण. बाई म्हणाल्या, "आत्ता तरी काही दिसत नाहीये. दोन रस्ते आहेत. ठरल्याप्रमाणे ऑपरेशन करून तो भाग काढायचा, किंवा न काढता बारकाईने लक्ष ठेवायचं."

या दुसऱ्या रस्त्याचा उगम ब्राझीलमध्ये आहे. साओ पाउलो विद्यापीठाच्या सर्जन अँजेलिता हाब्र-गामा. त्या त्यांच्या रुग्णालयातल्या शस्त्रक्रिया विभागात निवासी डॉक्टर म्हणून घेतलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी. शेक आणि किमो दिल्यावर ऑपरेशन करून काढलेला गुदाशय सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की काही जणांच्या त्या भागात कॅन्सरची एकही पेशी सापडत नव्हती. हे जगभरच्या सर्जनांना माहीत होतं आणि ते यश म्हणून नोंदवलं जात होतं. हाब्र-गामांनी त्या नोंदीकडे पेशंटच्या बाजूने पाहिलं: कॅन्सर उरलेलाच नव्हता, तर या माणसाच्या पोटावर आपण पिशवी का लावली? १९९१ पासून त्यांनी असे पेशंट निवडले ज्यांची गाठ तपासणीत पूर्ण नाहीशी झाली होती, आणि ऑपरेशन न करता त्यांना पुन्हा पुन्हा तपासत राहिल्या. २००४ साली त्यांनी २६५ पेशंटांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यातल्या ७१ जणांचं, म्हणजे २६.८ टक्क्यांचं, ऑपरेशन झालं नव्हतं, आणि पाच वर्षांनंतर त्यांची स्थिती उत्तम होती.

सर्जन लोकांनी ते सहज मान्य केलं नाही. हातात सुरी असताना न कापणं हे त्या पेशात पळपुटेपणासारखं वाटायचं. शिवाय इतरांनी करून पाहिलं तेव्हा गाठ परत येण्याचं प्रमाण साओ पाउलोच्या आकड्यांहून जास्त निघालं. त्यामुळे शंका घेणाऱ्यांनाही दोष देता येत नाही. पण नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्ट, इंग्लंडमध्ये मँचेस्टर, अशा ठिकाणी काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या गेल्या आणि मग सगळ्या देशांची मिळून एक नोंदवही झाली. २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये तिचे आकडे आले. गाठ पूर्ण विरघळलेले ८८० पेशंट, १५ देशांतले. दोन वर्षांत साधारण चौघांपैकी एकाला त्याच जागी गाठ पुन्हा आली. परत आलेल्या गाठींपैकी ८८ टक्के पहिल्या दोन वर्षांतच सापडल्या, आणि ९७ टक्के आतड्याच्या भिंतीतच होत्या, म्हणजे बोटाला आणि दुर्बिणीला सापडतील अशा जागी. अमेरिकेतल्या दुसऱ्या एका चाचणीत ३२४ जणांना शेक आणि पूर्ण किमो आधीच देऊन पाहिलं. ज्यांना शेकानंतर किमो दिली त्यांच्यातल्या ५३ टक्के लोकांचा गुदाशय तीन वर्षांनंतरही शाबूत होता. किमो आधी आणि शेक नंतर दिलेल्यांत ४१ टक्के. ज्यांची गाठ परत आली त्यांची बहुतेकांची ऑपरेशनं तेव्हा करता आली.

डेट्रॉइटच्या नॉर्मन निग्रो यांनी १९७४ साली गुदद्वाराच्या कॅन्सरबाबत असंच काहीसं दाखवलं होतं. ऑपरेशनच्या आधी म्हणून दिलेल्या शेक-किमोनेच गाठ जाते हे तिथे इतकं स्पष्ट झालं, की आज त्या आजारात कापाकापी हा पहिला उपाय राहिलेलाच नाही. दोन बोटं वरच्या गुदाशयासाठी तोच विचार रुजायला आणखी तीस-चाळीस वर्षं गेली.

हे आकडे बाईंनी काकांना असे सांगितले नाहीत. त्यांनी कागदावर चार माणसं काढली आणि एकाभोवती गोल केला. "चारातल्या एकाला परत येते. आली तर ऑपरेशन करायचं, तेव्हा पिशवीही लागेल. लवकर सापडली तर बहुतेक वेळा निभावतं. थोड्यांना फुप्फुसात किंवा लिव्हरमध्ये पसरते, ती जोखीम ऑपरेशन केलं तरी असतेच. ऑपरेशन मी रद्द केलेलं नाही, पुढे ढकललंय. किती पुढे, ते तुम्ही तपासायला येता की नाही यावर आहे."

घरी आल्यावर ओसरीत बैठक बसली. चुलतभावांचं म्हणणं एकच, आजार काढून टाकलेला बरा. आत्या सगळ्यात कडक. ती म्हणाली, "हराळी वरून जळाली म्हून कोनी नांगर ठेवून देते का? मूळ ठेवलं त पहिल्या पान्याले पुन्हा येते." तिने एक मोठी चूक होताना पाहिली होती. तिच्या डोळ्यांसमोर पहाटेचं ते धोतर होतं. थांबणं म्हणजे काय, ते तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

मी तिच्याशी वाद घातला नाही, कारण तिची भीती खरी होती. मला एवढंच दिसत होतं की आबांचं थांबणं आणि काकांचं थांबणं यांत फरक आहे. आबा इलाजाच्या आधी थांबले, न पाहता थांबले, आणि लाजेमुळे थांबले. काकांना पूर्ण इलाज झाल्यानंतर थांबायचं होतं, आणि ते थांबणं तारखांना बांधलेलं होतं: पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी बोटाने तपासणी, दुर्बीण आणि सीईएची रक्ततपासणी, ठरावीक काळाने एमआरआय, छाती-पोटाचा सीटी स्कॅन, त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. दर वेळी अंगावरचे कपडे उतरवून आडवं व्हायचं, ज्या तपासणीची आबांना जन्मभर लाज वाटली तीच पुन्हा पुन्हा करून घ्यायची. निर्णय काकांनीच घेतला. म्हणाले, "मी जाईन. दर खेपेले जाईन. पन एक खेप चुकली त मले पकडून ऑपरेशनले टाका."

या उपचाराबद्दल बोलताना सगळे पिशवी टळली याबद्दल बोलतात, आणि ते बरोबर आहे. पिशवी घेऊन उत्तम आयुष्य जगणारी पुष्कळ माणसं आज आहेत, आता पिशव्याही चांगल्या मिळतात. तरीही गुदाशय शाबूत राहणं, रात्री नीट झोप लागणं, लघवीच्या आणि नवरा-बायकोतल्या नात्याच्या नसा न दुखावणं, हे लहान लाभ नाहीत. पण आमच्यासारख्या गावातून पाहिलं की आधी तारखा दिसतात. जूनमधली तारीख पेरणीत येते. सप्टेंबरातली सोयाबीनच्या ऐन तोंडावर. डिसेंबरातली कापसाच्या वेचणीत, जेव्हा मजूर मिळणं हीच एक लढाई असते. मार्चमध्ये हरभरा. शेतकऱ्याला चार तारखांपैकी एकही सोयीची नसते. काकांना मुलगा आहे, घरी गाडी आहे, आणि २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्ग नागपूरपासून सुरू झाल्यामुळे शेलूबाजारहून चढलं की सकाळी निघून रात्री घरी येता येतं. ज्याच्याकडे यातलं काही नाही त्याने काय करायचं? एसटीने जाऊन, दिवसाची मजुरी बुडवून, दुर्बिणीचे पैसे भरून तो पहिल्या वर्षी जाईल. दुसऱ्या वर्षी पोट साफ होतंय, रक्त नाही, वजन वाढलंय, मग कशाला जा, असं त्याला वाटणारच. आणि गाठ परत येते तीही सुरुवातीला न दुखता.

म्हणून माझं मत असं झालं आहे की ज्याला तारखा पाळणं खरोखर शक्य नाही त्याच्यासाठी ऑपरेशन हाच सुरक्षित रस्ता, आणि डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगावं. पण ते शक्य नाही ते पैशामुळे आणि अंतरामुळे असेल, तर हा प्रश्न त्या पेशंटचा एकट्याचा नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसारख्या योजनांनी ऑपरेशन आणि किमोचा भार पुष्कळ हलका केला. इलाजानंतरच्या पाच वर्षांच्या तपासण्या आणि त्यासाठीचा प्रवास यांचा तेवढ्याच गांभीर्याने विचार व्हायला हवा. मुंबईत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाला आलेली गरीब माणसं आजही राहतात; परक्या शहरात पेशंटाचं आणि नातेवाइकाचं डोकं टेकायला जागा हवी, हे त्या वऱ्हाडी माणसाला आयुष्यभर रस्त्यांवरून चालताना कळलं होतं. अशा जागेशिवाय पुन्हा पुन्हा येणं होत नाही.

नागपूरच्या रुग्णालयातल्या बाकांवर आम्हाला दारव्ह्याकडचे एक गृहस्थ भेटायचे. त्यांचीही गाठ विरघळली होती आणि तेही असेच तपासायला यायचे. चौथ्या की पाचव्या खेपेला त्यांच्या वणाच्या काठावर बारीक गाठ दिसली. त्यांचं ऑपरेशन झालं, पिशवी लागली. पुढे भेटले तेव्हा काकांनी घाबरत विचारलं, पश्चात्ताप होतो का. ते म्हणाले, "दीड वर्ष मिळालं ना बाप्पा, पोरीचं लग्न मी मांडवात बसून केलं. आन् सापडली लवकर." काका त्यानंतर घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत.

मधल्या काळात व्हॉट्सॲपवर ‘कॅन्सर मुळासकट बरा करणारं औषध’ अशी बातमी पुन्हा पुन्हा यायची. ती २०२२ च्या जूनमधल्या न्यूयॉर्कच्या एका छोट्या अभ्यासाची होती. डोस्टारलिमॅब नावाचं इंजेक्शन सहा महिने दिलं आणि पहिल्या बाराच्या बारा पेशंटांची गुदाशयातली गाठ नाहीशी झाली. ना शेक, ना ऑपरेशन. बातमी खरी आणि मोठी आहे. पण ते औषध डीएनए दुरुस्तीत विशिष्ट बिघाड असलेल्या गाठींसाठी आहे, आणि गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये अशा गाठी शंभरात पाच-दहाच. काकांची गाठ तशी नव्हती. तुकड्यावरच्या तपासणीत ते आधीच कळलं होतं. तरी त्यांनी तो मेसेज बाईंना दाखवला. बाईंनी तो पूर्ण वाचला, आणि ही तपासणी प्रत्येक पेशंटची करून घ्यावी असं सगळ्यांना पुढे पाठवा म्हणाल्या.

आता दोन वर्षं उलटली आहेत. वण आहे तसाच आहे. तारखा तीन महिन्यांवरून सहा महिन्यांवर गेल्या, आणि सगळ्यांना वाटलं काका सुटले. काका मात्र अस्वस्थ झाले. तीन महिन्यांनी कुणीतरी आत पाहून सांगत होतं की काही नाही. आता सहा महिने आपल्याच भरवशावर काढायचे. त्यांनी बाईंना विचारलं की मी आधीसारखाच येत राहिलो तर चालेल का. गरज नाही, पण रक्त दिसलं किंवा शौचाची सवय बदलली तर तारखेची वाट पाहू नका, असं त्यांनी सांगितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी वाट पाहू नका असं म्हटलं होतं, हे काकांच्या लगेच लक्षात आलं.

आत्याचं मत बदललं का, ते मी विचारलेलं नाही. ती अजूनही काका नागपूरला निघाले की देवापुढे दिवा लावते आणि परत येईपर्यंत जेवत नाही. पण ओसरीवर कुणी मूळव्याधीचं नाव काढलं की ती आता मोठ्या आवाजात, सगळ्यांच्या देखत विचारते, "डॉक्टरनं बोट घालून पाह्यलं का?" छ्याऐंशी वर्षांच्या बाईने असं विचारल्यावर माणसं गोरीमोरी होतात. शेजारची एक सून तर रागावून उठून गेली, आणि आठवड्याने वाशीमला तपासून आली. साधी मूळव्याधच निघाली, मलम मिळालं. तिने येऊन आत्याला जरा तोऱ्यातच सांगितलं. आत्या म्हणाली, "बरं झालं. पुन्हा रक्त दिसलं त पुन्हा जाजो."